रीनाबाईचा डबा परत येतो

पडदा वर जातो. फुलचूर गावातलं पत्र्याचं स्वयंपाकघर. नुकतंच उजाडलेलं. डावीकडे मोठ्या शेगडीवर वरणाचा गंज खदखदतोय, उजवीकडे भिंतीला लागून स्टीलच्या डब्यांची रांग. मधोमध एक ठेंगणी, जाडजूड बाई पदर खोचून उभी. गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस. ती डोळे मिटते, दोन शब्द पुटपुटते, 'आमेन' म्हणते आणि त्याच श्वासात ओरडते, "घनश्यामभाऊ, कांदा कापून राहिले का झोपून राहिले?"

तो घनश्यामभाऊ म्हणजे मी. झाडीपट्टीच्या नाटकमंडपांतून राजे केले, दरोडेखोर केले. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून सकाळी इथे कांदा कापतो. रडण्याचा सराव जुनाच आहे.

आणि ती बाई म्हणजे रीना मार्टिन. आई दवाखान्यात आया होती, रीनाबाईही तिथेच आया झाल्या. दुसऱ्याचं अंथरूण बदलण्यात निम्मं आयुष्य गेलं. नवरा लवकर वारला, मुलगी चेतना लग्न होऊन रायपूरला गेली. लॉकडाउनमध्ये घरापुढून मजूर पायी छत्तीसगडकडे निघाले, तेव्हा रीनाबाईंनी दारात भाताचा गंज मांडला. मजूर गेले, गंज राहिला. मग ज्या म्हाताऱ्यांची पोरं कामासाठी दूर गेलीत, त्यांच्या घरी डबे जाऊ लागले. धान निघालं की पोवार शेतकरी तांदूळ आणून टाकतात, चर्चमधून डाळ येते, विहारात जाणाऱ्या बायका भांडी घासायला येतात.

नाव ठेवणारेही येतात. शेजारचा टिकाराम एकदा दारातूनच म्हणाला, "काऊन बाई, डब्यासंग बायबल बी देतेस म्हणते?"

"देतो ना," रीनाबाई म्हणाल्या. "पण पहिले डबे घासा लागते. येता का?"

टिकाराम हसला आणि चपला काढून आत आला. अजून घासतोय.

अशा या बाईला मी एकदाच हरताना पाहिलं, पार्वताबाईंच्या दारात.

पार्वताबाई बौद्ध वस्तीच्या टोकाला एकट्या राहतात. मुलगी रत्नी सासरी, मुलगा सुरतेला, तो फोनवरच भेटतो. गेल्या हिवाळ्यात त्यांना टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, पण चुलीपुढे बसायची ताकद नव्हती आणि रिकाम्या पोटी गोळी ठरत नव्हती. गावातली आशाताई सांगून गेली, "बाई गोळ्या फेकून राहिली. खाल्लं नाही तर वाचणार नाही."

रीनाबाईंनी त्याच दुपारी डबा पोचवला. दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर तसाच, भात वाळलेला. दुसरा नेला, तोही तसाच. सगळ्यांना कारण ठाऊक असल्यासारखं झालं. टिकाराम म्हणाला, "क्रूसवालीच्या हातचं कायले खाईन ते?" रीनाबाईंनाही तसंच वाटलं. त्यांनी क्रूस पदराखाली घातला आणि डबा वस्तीतल्या रचनाच्या हाती पाठवला. "म्हणजो का तूच रांधलं."

रचना भरला डबा घेऊन परत आली. "मावशी, माह्या हातचं बी नाही खात ते."

मग रीनाबाईंनी पदर झटकला, क्रूस बाहेर काढला, तोच डबा उचलला आणि मला म्हणाल्या, "चला भाऊ. आता विचारतोच."

पार्वताबाई अंगणात बाजेवर होत्या. आवाज खोल गेलेला, पण नजर ताठ.

"जयभीम, आई," रीनाबाई खाली जमिनीवर बसल्या. "मले सरळ सांग. माह्या धरमानं बाटते का तू?"

"तुहा धरम मले काय करते?" पार्वताबाई खेकसल्या. "दवाखान्यात माह्या बाळंतपणाले तूच तं रत्नी काढली होतीस. तवा बाटलो का?"

"मग खात काऊन नाही?"

पार्वताबाई भिंतीकडे तोंड करून बोलल्या, "डबा खाल्ला का वापस द्या लागते. या घरातून कोणाचं भांडं रिकामं गेलं नाही. सासूनं कधी पाठवलं नाही, म्या बी नाही. काही ना काही टाकूनच दिलं. आता घरात टाकाले काहीच नाही. काय, रिकामा डबा देऊ तुले?"

रंगमंचावर असा क्षण आला की पेटीवाला सूर धरतो. इथे अंगणाच्या कडेला फक्त एक कोंबडी ओरडत होती. रीनाबाईंनी तिकडे पाहिलं. कुडाजवळ मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड, कोवळ्या पाल्यानं लवलेलं.

"तो मुनगा कोणाचा?"

"माहाच. पाला बकऱ्या खाते."

"माहे म्हातारे बी खाते. भाजीले पाला पुरत नाही मले."

मी उठलो, म्हटलं दोन फांद्या मोडून आणतो, चटकन डबा भरतो. रीनाबाईंनी डोळे वटारले. डब्यातला वरणभात ताटात काढला, फांदी आणू दिली, पण ती पार्वताबाईंच्या मांडीवर ठेवली. म्हातारी एकेका काडीचा पाला ओढायची, खोकायची, थांबायची, पुन्हा ओढायची. बाहेर मोपेडवर बाकीच्यांचे डबे थंड होत होते. मी हळूच आठवण केली. "थंड खातील आज," रीनाबाई म्हणाल्या. "बसा."

पाला भरला. झाकण पार्वताबाईंनी स्वतःच्या हातानं दाबून लावलं. मग त्यांनी ताट ओढलं आणि आमच्यासमोर वरणभात कालवून खाल्ला. सगळा नाही, पण गोळी पोटात राहील इतका.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर ओट्यावर धुतलेला डबा पाल्यानं गच्च भरून ठेवलेला. पार्वताबाई बाजेवर बसून वाट पाहत होत्या, स्वारी जरा ऐटीत. मला वाटलं, आता रीनाबाई हात जोडतील, आभार मानतील, डोळे पुसतील. मी तर तसंच केलं असतं आणि टाळी घेतली असती.

रीनाबाईंनी झाकण उघडलं, पाला बोटांनी उकरून पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"काल नुसत्या काड्याच काड्या निघाल्या, आई. आज नीट निवडला ना?"