खापरखेड्याची पट्टी

वरचा सूर पुन्हा फाटला आणि वानखेडेकाकांनी हेडफोन काढून ठेवला.

“माहा आवाज गेला वं पोरी. दुसरा गायक पाहा.”

मी नागपुरातल्या एका स्टुडिओत साउंड इंजिनिअर आहे. काका खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. तरुणपणी त्यांनी कॉलनीत बँड काढला होता आणि एकाच ब्रिटिश बँडची गाणी ते वाजवायचे. तो बँड न्यू वेव्ह, म्हणजे गिटारच्या बरोबरीनं सिंथेसायझर पुढे आणणारं त्या काळचं इंग्लिश पॉप. त्यांच्या पहिल्याच अल्बममधली दोन गाणी तिकडे सिंगल, म्हणजे सुटी रेकॉर्ड म्हणून निघाली आणि हिट झाली. आता तो अख्खा अल्बम शनिवारी सभागृहात सादर करायचा होता. तिकिटं विकली गेली होती. आणि पहिल्याच हिट गाण्याचं धृपद काकांना झेपत नव्हतं.

स्टुडिओचे मालक, आमचे सर म्हणाले, “तुकडे जोडून आधीच रेकॉर्ड कर. स्टेजवर काका ओठ हलवतील. सगळेच करतात.”

“सगळे करतात म्हणून ती फसवणूक ठरत नाही का? लोक काकांना ऐकायला येणार आहेत.”

“तत्त्वं राहू दे. शनिवारी काय करशील ते सांग.”

तुलनेसाठी मी मूळ अल्बम लावला आणि कीबोर्डवाल्या इंगळेकाकांना सोबत वाजवायला सांगितलं. दोन ओळींतच कानाला खटकलं.

“ओरिजिनलच बेसूर आहे,” इंगळेकाका शांतपणे म्हणाले.

मी सूर मोजणारा ट्यूनर लावला. मूळ गाणं यांच्यापेक्षा अर्धा सूर खाली होतं.

“तुम्ही गाणी कशावरून बसवली?”

“कॅसेटवरून,” वानखेडेकाका म्हणाले. “एकाची ओरिजिनल आणली, माह्या डेकवर लावून कॉपी केली. अख्ख्या कॉलनीले कॉप्या मीच करून दिल्या.”

ओरिजिनल वाजवणाऱ्या डेकची मोटर जोरात फिरली की गाणं पळतं आणि सूरही चढतो. कॉपीत तो चढलेला सूर कायमचा बसतो. काका जन्मभर चढ्या पट्टीत गात आले होते.

मी हे सांगितलं तसे ते खुर्चीत पुढे सरकले.

“म्हणजे तो गोरा माह्यापेक्षा खाली गाये?”

“हो.”

“मंग चहा सांग मले.”

कीबोर्डची पट्टी एका बटणानं उतरली, गिटारच्या तारा थोड्या ढिल्या केल्या. चहानंतर धृपद स्वच्छ लागलं.

शनिवारी पहिलं हिट गाणं काका पूर्ण गायले. टाळ्या मात्र बेताच्याच. पुढच्या रांगांत बसलेली कॉलनीची माणसं एकमेकांकडे पाहत होती. शेवटी एकजण ओरडला, “काहून गा वानखेडे, झोपून राहिला का? जल्दी वाजव ना.”

त्यांनीही हे गाणं काकांच्याच कॅसेटवर ऐकलं होतं. टेपवर वेग आणि सूर एकमेकांना बांधलेले असतात. स्टेजवर नसतात. मी ड्रमरच्या हेडफोनमध्ये सांगितलं, सूर हाच राहील, फक्त वेग वाढवा. दुसरं हिट गाणं खापरखेड्याच्या वेगानं सुटलं आणि पुढच्या रांगा उभ्या राहून नाचायला लागल्या.

सर माझ्या कानाशी वाकले. “ओरिजिनल असं नाहीये ना?”

“नाही. पण आवाज ओरिजिनल आहे.”

तेव्हापासून गायक अडला की मी आधी मशीन तपासते. माणसाला दोष द्यायला काहीच लागत नाही. मोटरसाठी निदान स्क्रू ड्रायव्हर तरी शोधावा लागतो.