तीन लाल आकडे आणि एक हिरवा

घड्याळ आम्ही एकच केलं, पण त्याचे किस्से किती झाले ते विचारू नका. नवीन माणूस भेटला की एखादा सांगावा लागतो, सांगताना दुसरा आठवतो, आणि तो संपेपर्यंत चहा गार होतो.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी आकुर्डीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होतो. माझ्याबरोबर वायरमन होता ज्ञानोबा, चऱ्होलीचा. घरची शेती, भाऊ नांगर धरायचा आणि हा टेस्टर. तिसरे युसूफभाई. स्टेशनजवळ त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एका इंग्रजी मासिकात मला काटे नसलेल्या, आकडे उजळणाऱ्या घड्याळाचं सर्किट सापडलं. ते मी दोघांना दाखवलं. युसूफभाईंनी पान बराच वेळ न्याहाळलं आणि दुकानातलं अर्धं टेबल रिकामं केलं. त्या दिवसापासून पहिली शिफ्ट सुटली की आम्ही दोघं तिथं.

*

सामान आणायला गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, पुण्याला बुधवार पेठेत गेलो. आकडे दाखवणारे दिवे चार हवे होते. दुकानदाराकडे लाल तीनच निघाले. चौथा होता, पण हिरवा. लाल पुन्हा कधी येतील ते त्यालाही सांगता येईना. मी नंतर येऊ म्हणून वळलो, तर ज्ञानोबानं हिरवा बांधून घेतलासुद्धा.

"शेवटाला लावू," तो म्हणाला. "मिनिटाचा आकडा सारखा बदलतोय. त्यो उठून दिसाया नको?"

*

युसूफभाई व्हॉल्व्हच्या जमान्यातले. व्हॉल्व्हचा रेडिओ उघडला की आतला उजेड बघून त्यांना दुखणं कळायचं. आयसी त्यांनी तोवर हाताळलेली नव्हती. चौदा पायांचा तो काळा तुकडा तळहातावर घेऊन ते म्हणाले, याची नाडी कुठं बघायची?

पहिली आयसी मीच उलटी बसवली. करंट सोडला, आकडे काही लागेनात. युसूफभाईंनी तिच्यावर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. बोटावर चांगला फोड आला. ते शांतपणे बोटावर फुंकर घालत राहिले.

"व्हॉल्व्ह मेला की विझतो तरी," ते म्हणाले. "हा मेल्यावर चावतो."

*

चौथ्या महिन्यात घड्याळ चाललं. दुकानात फळीवर ठेवलं आणि बघायला लोक यायला लागले. एक दोष मात्र राहिला होता. लाईट गेली की वेळ पुसली जायची, आणि परत आली की मनाला येईल तो आकडा लागायचा. बटण दाबून तो नीट करावा लागे.

एकदा असाच घोळ झालेला असताना एक गिऱ्हाईक ट्रान्झिस्टर घेऊन आलं. केव्हा मिळेल, असं त्यानं विचारलं. युसूफभाई मान खाली घालून काम करत होते; चार वाजता या, म्हणाले. गिऱ्हाइकानं फळीकडे पाहिलं. घड्याळात एकोणतीस वाजून पंचाण्णव मिनिटं झाली होती.

"चार तर कधीच वाजून गेले," तो म्हणाला. "मी उद्याच येतो."

*

खरी कटकट पुढे होती. सकाळी बरोबर लावलेलं घड्याळ संध्याकाळपर्यंत दहा-बारा मिनिटं मागे पडायचं. युसूफभाई म्हणत, सर्किट उतरवताना मी चूक केली. मला वाटे, त्यांचं सोल्डरिंग कच्चं आहे. दोनदा सगळं उकललं, दोनदा जोडलं. आठवडाभर तर आमचं बोलणंही ज्ञानोबामार्फत चालायचं.

हे घड्याळ वेळ मोजायचं ते विजेवरून. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे देते, ते मोजून घड्याळ एक सेकंद पुढे जायचं. एके दिवशी कंपनीत ज्ञानोबा मला हाताला धरून मोठ्या पॅनलपाशी घेऊन गेला. तिथल्या मीटरचा काटा पन्नासाच्या खाली, एकोणपन्नासाजवळ लोंबकळत होता.

संध्याकाळी दुकानात त्यानं निकाल दिला. "घड्याळात खोट न्हाई. लाईटच हळू चालतीया."

युसूफभाईंनी माझ्याकडे न बघता माझा चहा माझ्यापुढे सरकवला.

*

आणि मग शेवंताचं लग्न.

शेवंता ज्ञानोबाची धाकटी बहीण. थोरलीच्या लग्नात वऱ्हाड नाचत बसलं होतं आणि मुहूर्त तासभर टळला होता. तिच्या संसारात जरा कुठं खुट्ट झालं की ज्ञानोबाचे आबा त्या तासाला बोल लावायचे. शेवंताच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. म्हणून आमचं घड्याळ चऱ्होलीच्या मांडवात भटजींच्या शेजारी बसलं. गावच्या लाईटचा भरवसा नव्हता. माईकसाठी जनरेटर आणलाच होता, त्यावरच घड्याळ जोडलं. नऊ वाजता युसूफभाईंनी स्वतः वेळ लावली.

मुहूर्त अकरा-चाळीसचा. शेवंताचा मामा घड्याळासमोर उभा राहून माईकवर मिनिटं सांगत होता. बँड आपोआप थांबला. नाचणारी पोरं निमूट मांडवात आली. हिरवा आकडा शून्य झाला आणि अक्षता पडल्या. आबांनी उपरण्यानं डोळे पुसले.

मी सवयीनं मनगटाकडे पाहिलं. अकरा-तेहेतीस.

जनरेटर सकाळपासून जरा जोरातच पळत होता, आणि त्याच्यामागे आमचं घड्याळ. सात मिनिटं पुढे. हे आम्हा तिघांना आधीच सुचायला हवं होतं. मी युसूफभाईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ज्ञानोबाला सांगावं की नाही, यावर आम्ही मांडवामागे खल केला. तो वाढपी होऊन पंगतीत हसत फिरत होता. शेवटी ठरलं, निदान भटजींना सांगू. काही शांत-बिंत करायची असेल तर ते तरी सांगतील.

भटजी जेवत होते. मी शेजारी बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी भाताचा घास संपवला, पाण्याचा घोट घेतला आणि मग विचारलं,

"आज मला अजून दोन लग्नं लावायची आहेत, मोशीला आणि डुडुळगावला. हे घड्याळ संध्याकाळपर्यंत मिळेल का?"