माझ्या दारातली हलगी

हलगी वाजायला लागली तेव्हा मी मोरीत आंघोळ करत होतो. वाटलं, कुणाची तरी वरात असेल. सातपूरच्या आमच्या चाळीत रविवारी काही ना काही वाजतच असायचं. पण आवाज पुढे जाईना. आमच्याच दारात थांबला.

ओल्या अंगावर टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. दोन हलगीवाले आणि त्यांच्यामागे पतसंस्थेचा वसुली अधिकारी. माझ्याच गावचा, दिंडोरी तालुक्यातला. गावचे बागाईतदार आबा, त्यांचा पुतण्या. तो माझं नाव मोठ्यानं घेत होता, थकबाकीदार म्हणून. सगळी चाळ गॅलरीत आली होती. बायको पोरीला पोटाशी धरून दारात उभी होती.

मी म्हणालो, कर्ज माझं नाही. आबांचं आहे. मी नुसता जामीन.

तो हसला. म्हणाला, "तुझा बाप आमच्या दारात वाजवायचा. आज तुझ्या दारात वाजतीय. ऐक की जरा."

हलगीवाले खाली मान घालून वाजवत होते. त्यांच्यावर मी रागावलो नाही. त्यांना दिवसाची मजुरी मिळत होती. मी टॉवेलावर उभा होतो आणि दाराची चौकट घट्ट धरून होतो. रागानं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण लोकांना वाटलं असतं भीतीनं.

आता सही कशी केली ते सांगतो.

आमच्या गावात आबांची द्राक्षबाग. माझी आई तिथं विरळणीला, घडांतले जास्तीचे मणी काढायला, जायची. दुपारचा चहा अंगणात, उभ्यानं. आमचा कप वेगळा. कान तुटलेला. गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. प्यायचा, धुवायचा, परत तिथंच ठेवायचा. बा तरुणपणी त्यांच्या लग्नाकार्यात हलगी वाजवायचा. मग बा जयभीमवाला झाला आणि एक दिवस म्हणाला, आता वाजवणार नाही. त्यापायी मार खाल्ला, पण हलगी पुन्हा हातात घेतली नाही.

मी आयटीआय केलं, सातपूरच्या कंपनीत कायम झालो. त्या वर्षी यात्रेला गावी गेलो तर आबांनी घरी बोलावलं. ओसरीवर नाही, आत. खुर्ची दिली. आबांच्या सूनबाईंनी चहा आणला, कपबशीत, फुलांच्या नक्षीच्या. आबा म्हणाले, "तू आता आमचाच झाला. ट्रॅक्टर घ्यायचाय. पतसंस्थेला पगारदार जामीन लागतो. एक सही कर फक्त."

मी केली. कागद वाचला नाही. ती बशी हातात असताना मला वाचताच आलं नसतं. आई अंगणात उभ्यानं प्यायची आणि मी आत बसून पीत होतो, एवढंच डोक्यात होतं. ज्यांच्या आयांनी कधी गोठ्यातला कप धुतला नाही, त्यांनी मला मूर्ख म्हणू नये. आबांना बरोबर माहीत होतं त्या कपाची किंमत काय येते.

ट्रॅक्टर आला. बागेत फवारणी करत फिरू लागला. आबांनी थोडे हप्ते भरले, मग थांबले. बागेला पैसा कमी नव्हता. नवी जीप आली त्याच हंगामात. पण वसुली करणारा पुतण्याच. काकाच्या दारात हलगी कोण नेईल?

हलगीनंतर कंपनीत पतसंस्थेचं पत्र आलं आणि पगारातून कापायला सुरुवात झाली. घरासाठी बँकेत गेलो तर साहेबानं पगाराची स्लिप बघितली आणि परत सरकवली. म्हणाला, तुमची पत राहिलेली नाही. बाहेर पायऱ्यांवर एकानं गाठलं. पैसे टाका, नाव साफ करून देतो, आतला माणूस आपला आहे. मी त्याला म्हणालो, नाव मी घाण केलेलं नाही आणि साफ करायला तुला देणार नाही.

मग सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसायला लागलो. कायद्याची मराठी पुस्तकं. निम्मं कळायचं नाही. पगारातली कपात थांबवा म्हणून पहिला अर्ज तहसील कचेरीत देऊन आलो, तो तिथं धूळ खात पडला. खूप उशिरा कळलं की हे त्यांचं कामच नाही. दुसरा परत आला. बायको म्हणायची, सोडा आता, फिटतंय ना हळूहळू. पण एका दुपारी मला ते वाक्य सापडलं. जामीनदारानं दुसऱ्याचं कर्ज फेडलं, की तो सावकाराच्या जागी उभा राहतो. सावकाराकडे जे तारण, त्यावर हक्क जामीनदाराचा.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. पतसंस्थेकडचं तारण म्हणजे ट्रॅक्टर.

त्या दिवसापासून पगार कापला जायचा तेव्हा मला वाईट वाटेनासं झालं. उलट कंपनीत ओव्हरटाइम मागून घेतला. बायकोनं मंगळसूत्र मोडलं, स्वतःहून. राहिलेलं सगळं एकदम भरलं. कर्ज फिटल्याचा, बेबाकीचा दाखला द्यायला पुतण्या टाळाटाळ करत होता. मी पतसंस्थेच्या पायरीवर डबा घेऊन बसलो. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो, आबांचं कर्ज मी फेडलंय, पावती हवीय. दाखला मिळाला. बँकेतही कागद मान्य झाला, घराचं कर्ज मंजूर झालं. माझं नाव साफ.

पण माझं भांडण तिथं संपलं नव्हतं. कोर्टात दावा टाकला, स्वतः लिहून. न्यायाधीश म्हणाले, वकील कुठे आहे? मी म्हणालो, मीच. आबांच्या वकिलाला हसू आलं. तारखांवर तारखा पडल्या. नंतर तो हसायचा बंद झाला. ट्रॅक्टर माझ्या ताब्यात देण्याचा हुकूम झाला.

आज दुपारी आबा आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. बायकोनं खुर्ची दिली, चहा दिला, कपबशीत. आबांनी कप हातात धरला, ओठाला लावला नाही. म्हणाले, "छाटणी झालीय. फवारणी चुकली तर बाग जाईल. आनी ट्रॅक्टर न्यायचाच असंल तर रातचा ने. गावाला कळायला नको."

मी म्हणालो, "माझ्या दारात हलगी दिवसा वाजली, आबा."

आबांनी कप तसाच खाली ठेवला. चहावर साय धरली. ते गेल्यावर बायकोनं चहा ओतून टाकला आणि कप बाकीच्या कपांत ठेवला. आमच्या घरात वेगळा कप नाही.

मला एक गुंठा जमीन नाही. ट्रॅक्टर मी विकणार आणि बायकोचं मंगळसूत्र करणार. बाग गेली तर जाऊ दे. मला दया येत नाही, आणि आली तरी मी ती येऊ देणार नाही.

उद्या गावचा बाजार. कोर्टाचा बेलीफ ताबा द्यायला सकाळी येणार. लोक म्हणतात, हलगी लाव त्याच्या दारात. नाही लावणार. ती बानं टाकलीय, मी उचलणार नाही. ट्रॅक्टर मी स्वतः चालवणार, भर बाजारातून. पतसंस्थेच्या दारात थांबेन, आणि पुतण्या बाहेर येऊन बघेपर्यंत इंजिन बंद करणार नाही.