शपथेतली वाडी

तात्या गेल्याची बातमी मला त्याच्याच शोकसभेच्या पत्रकानं कळली. सांगलीतल्या माझ्या छापखान्यात पक्षाच्या कचेरीतला एक कार्यकर्ता सकाळी सकाळी कागद घेऊन आला आणि म्हणाला, "दुपारपर्यंत पाहिजे, काळी चौकट जरा जाड टाका." मी सवयीनं आधी ओळी मोजल्या, कुठला टाईप घालायचा ते ठरवलं, आणि मग नाव वाचलं. साताऱ्याहून त्याच्या घरच्यांनी आदल्या संध्याकाळपासून ट्रंककॉल लावून ठेवला होता, तो लागलाच नव्हता. पत्रक छापून दिलं आणि मिळेल ती एसटी पकडली. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

त्याला आता दीड महिना झाला. पुरवणीच्या संपादकांनी 'मित्र या नात्यानं चार शब्द' मागितले आहेत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायची आपल्याकडं रीत आहे, आणि तात्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. साताऱ्याच्या बोर्डिंगात आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. पाटणच्या डोंगरातून आलेला हा पोरगा स्वतःची भाकरी अर्धी मोडून दुसऱ्याला द्यायचा आणि वर त्यालाच शिव्या घालायचा, "घे की रं, लाजतोस काय नवरीगत!" दोन वेळा आमदार झाला तरी मुंबईच्या आमदार निवासात स्टोव्हवर पिठलं स्वतः करायचा. त्यानं आपल्या तालुक्यात शाळा आणल्या, एसटी आणली. एका गावात पहिली गाडी गेली तेव्हा लोकांनी ड्रायव्हरला हार घातला आणि तात्याला विसरले. तो आठवडाभर ती गोष्ट सांगून हसत होता. हे सगळं खरं आहे. पण दीड महिन्यात मला एक रात्र धड झोप लागलेली नाही, आणि ती का लागत नाही ते या गोष्टींत नाही…

सदुसष्टची त्याची पहिली निवडणूक. समोरचा उमेदवार तालेवार होता. आमच्याकडं एक उसनी जीप आणि माझ्या छापखान्यातली पत्रकं, एवढाच संसार. प्रचार संपायला दोन दिवस असताना आम्ही डोंगरातल्या एका वाडीवर गेलो. नाव लिहीत नाही, त्या लोकांना आणखी त्रास नको. रस्ता ओढ्याच्या अलीकडं संपायचा आणि पावसाळ्यात ओढा भरला की वाडी तुटायची. लोकांचं मागणं एकच, साकव. म्हणजे माणसं आणि गुरं जातील एवढा लहानसा पूल. वाडीचे कारभारी सखाराम दादा लष्करातून हवालदार होऊन परत आलेले, ताठ मानेचे. उद्या समोरचा उमेदवार येणार आहे, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं.

तेव्हा मी तात्याला बाजूला घेऊन म्हटलं, "बेलभंडार उचलून घेऊ." बेलाचं पान आणि देवाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडं कुणी मोडत नाही. तात्या माझ्यावरच घसरला. "देवाला कशाला मतदार यादीत ओढतोस?" पण मी हट्ट धरला. पडलो तर ही जीपसुद्धा पुन्हा मिळायची नाही, असं त्याला घाबरवलं. शेवटी भैरोबाच्या देवळात मीच ताट धरून उभा राहिलो. घरटी एक माणूस पुढं आला, भंडारा उचलला आणि म्हणाला, "जीवात जीव हाय तवर मत तात्यालाच." तात्यानं साकवाचा शब्द दिला, पण भंडाऱ्याला हात न लावता. ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

निवडून आला. पुढं प्रत्येक वर्षी कामांची यादी करताना साकवाचं नाव निघायचं आणि मागं पडायचं. ज्या गावांची मतं फिरतील अशी भीती होती, त्यांची कामं आधी व्हायची. तात्या म्हणायचा, "वाडीचं बघू रं पुढच्या खेपेला, ती माणसं कुठं जात्यात?" मला ते शहाणपणाचं वाटायचं. बहात्तरला वाडीनं पुन्हा सगळी मतं त्याच्या पेटीत टाकली. म्हणजे ज्यांनी देवासमोर शब्द दिला तेच सगळ्यांत शेवटी राहिले. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

शहात्तरच्या पावसाळ्यात सखाराम दादांची सून बाळंतपणात अडली. डोलीत घालून तिला ओढ्यापर्यंत आणलं. पाणी उतरायची वाट बघत माणसं सकाळपासून काठावर थांबली. पलीकडं रस्ता दिसत होता, रस्त्यावर उभी केलेली जीपही दिसत होती. तिसऱ्या प्रहरी ती तिथंच गेली. चार दिवसांनी तात्या भेटायला निघाला, मी बरोबर होतो. ओढा अजून भरलेलाच होता. अलीकडच्या काठावर त्यानं टोपी काढली, हात जोडले आणि तसाच उभा राहिला. पलीकडं सखाराम दादांनीही हात जोडले. पाण्याच्या आवाजात कुणाला काही बोलता आलं नाही. ओढा उतरल्यावर जाऊ, असं तो परतताना म्हणाला. ओढा उतरला. तो गेला नाही.

अठ्ठ्याहत्तरला पक्षानं तात्याला तिकीट दिलं नाही. तो उभाच नव्हता, आणि वाडीतलं एकही माणूस मतदानाला खाली उतरलं नाही. नवा आमदार तरुण होता. त्याच्या माणसांनी साकवाचा कागद बघितला, वाडीची मतं बघितली आणि कागद बाजूला ठेवला. तेव्हा सखाराम दादा साताऱ्याला तात्याच्या घरी आले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "तुमी आमाला मोकळं करा."

"अहो दादा, मीच उभा नाही तर शपथ कसली? द्या कुणालाही."

"असं न्हाई व्हत, साहेब. जिथं घेतली तिथंच येऊन सोडाय लागती. एकदा वर या. लय काम न्हाई, एवढं बोलायचं."

तात्या 'येतो' म्हणाला. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा तो हाच विषय काढायचा आणि लगेच दुसरीकडं वळायचा. शेवटची भेट या वैशाखातली. दोन पावलं टाकली तरी त्याला दम लागत होता. म्हणाला, "वसंता, उद्या जाऊन येऊ या वाडीला." मी लगेच तयार झालो. मग थोड्या वेळानं खिडकीकडं बघत पुटपुटला, "ओढ्याला पाणी असंल गड्या…" वैशाखात त्या ओढ्यात पाण्याचा थेंब नसतो. हे त्यालाही माहीत होतं.

तेरावा झाल्यावर मी एकटाच वर गेलो. ओढा चार ढांगांत ओलांडला. सखाराम दादा देवळाच्या पायरीवर बसले होते. मी म्हटलं, तात्याच्या वतीनं मी शपथ सोडतो, ताट मीच धरलं होतं.

"आठवतंय की. पर शबूद त्यांनी घेतला. ते न्हाईत, तर त्यांच्या लेकानं यावं."

"आमच्यावर राग नाही तुमचा?"

ते म्हणाले, "राग कसला? सून गेली त्या साली, पावसाच्या तोंडाला, माझ्याच मनात आलं व्हतं, साकव न्हाई तर फुडच्या खेपंला दुसऱ्याला मत देऊ. नुसतं मनात आलं व्हतं, बोललो न्हाई कुणाला. आन् म्हैन्याभरात ती गेली…"

ओढ्यावर पूल नव्हता म्हणून ती गेली, हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं. ते मान हलवत राहिले.

परतताना थेट साताऱ्याला उतरलो. तात्याच्या खोलीत त्याचा मुलगा सांत्वनाची पत्रं लावत बसला होता. पोरगं गुणी आहे, बापावर त्याचा फार जीव. मी त्याला सगळं सांगितलं. ताट, साकव, सून आणि म्हाताऱ्याच्या मनातली ती भीतीही. "एक दिवस चल माझ्याबरोबर, दोन वाक्यं बोलायची आहेत," म्हटलं. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले, हातातली पत्रं खाली ठेवली आणि हलक्या आवाजात विचारलं, "काका, वाडीत मतं किती आहेत?"

आकडा मला पाठ होता. मी सांगितला.