हिरामावशीचं इंजिन: हाफ की फुल?

भंगारवाला महिन्यातून एकदा आमच्या गल्लीत येतो आणि मुनाफभाईंच्या गॅरेजमधलं जुनं लोखंड उचलून नेतो. किस्से मात्र कोणी नेत नाही! ते आपले साठतच राहतात. माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान गॅरेजला लागूनच, त्यामुळे निम्मे किस्से माझ्या काउंटरवरच घडतात. यंदाचा सगळा साठा एकाच गाडीचा आहे. हिरामावशीच्या पिकअपचा.

हिरामावशी उरणकडची कोळीण. पहाटे बंदरावरून मासळी उचलायची आणि पनवेलच्या मार्केटला आणून विकायची. पूर्वी ड्रायव्हर होता. तो रोज गाडी उन्हात लावून चहाला बसायचा. एक दिवस मावशीने त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि पन्नासाव्या वर्षी स्वतः लायसन काढलं! आता अठ्ठावन्नची आहे. मागून कोणी उगाच हॉर्न वाजवला, तर अजून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

*

गाडी गल्लीत आली तीच धूर ओकत. निळा धूर, समोरचं काही दिसेना. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू नाकाला ओढणी लावून गॅलरीत आल्या आणि ओरडल्या, "अहो, मागच्या बाजूलापण मारा! डास तिकडेच जास्त आहेत!"

मावशीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मी मासलीवाली हाय, मच्छरवाली नाय!"

*

मुनाफभाईंनी बॉनेट उघडलं, नुसता वास घेतला आणि म्हणाले, "तौबा! ही डिझेलपेक्षा ऑइलच जास्त पितेय."

आता गॅरेजच्या भाषेत याला दोन उपाय. हाफ इंजिन म्हणजे इंजिन गाडीतच ठेवून उघडायचं, रिंगा-व्हॉल्व्ह बदलायचे आणि चालू करायचं. गाडी वर्ष-दोन वर्षं ढकलते. फुल इंजिन म्हणजे सगळं खाली उतरवायचं, नवे लायनर, नवे पिस्टन, क्रँक लेथवर घासून घ्यायचा. मग पुढची कैक वर्षं बघायला नको.

"बोला मावशी, हाफ की फुल?"

"आर्धा इंजिन घेऊन मी काय आर्ध्या वाटंपत्तुर जाऊ?"

मी म्हटलं, फुलच करा. मावशी गर्रकन वळली. "तू गप! तुला पार्ट इकायचं हायत!"

बरोबरच होतं म्हणा तिचं.

*

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा आला. नीलेश. नवीन पनवेलला राहतो, ऑफिसात जातो. म्हणाला, "मुनाफभाई, हाफच करा. आई अजून वर्षभर गाडी चालवेल, मग तिला घरी बसवणार आहे. या वयात पहाटे त्या हायवेवर ट्रेलरच्या गर्दीतून... मला झोप लागत नाही हो!"

मला त्याचा राग नाही आला. पोरगा काळजीनेच बोलत होता. पण झालं काय, हाफ म्हणजे मावशीचा धंदा बंद आणि फुल म्हणजे चालू, असा सरळ हिशोब होऊन बसला. मुनाफभाईंनी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण उघडलं आणि पान्हा खाली ठेवला. "मी इंजिन खोलतो, लोकांची घरं नाही. आधी तुमचं ठरवा!"

आठ दिवस पिकअप तशीच उघडी. मावशी टेम्पोवाल्याच्या मिनतवाऱ्या करत मासळी आणायची आणि येता-जाता त्या इंजिनाकडे बघायची. मला बघवायचं नाही.

*

त्यातच मावशीच्या भाचीचा साखरपुडा निघाला. हॉल भरलेला, भटजी बोलतायत, आणि मुनाफभाईंचा फोन. मावशीला फोनवर हळू बोलता येतच नाही. तिच्या मते माणूस लांब असेल तर ओरडायलाच लागतं!

"आरं नाय! हाफनी काय व्हनार नाय! मी बोलली ना, फुलच पायजे!"

भटजीसुद्धा थांबले. मुलाकडची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. थोड्या वेळाने नवरदेवाचा मामा हळूच मावशीच्या शेजारी येऊन बसला. इकडे-तिकडे बघत कानात म्हणाला, "मावशी, सोय कुठं केलीय?"

*

मुनाफभाई मानी माणूस. इंजिनाच्या बाबतीत कोणी शहाणपणा शिकवलेला त्यांना खपत नाही. पण साखरपुड्यानंतर एक दिवस मावशी मार्केटमधून थेट आली, पदराला हात पुसला आणि त्या उघड्या इंजिनात बोट घातलं. ज्या पोकळीत पिस्टन वरखाली होतो, तिच्या आतून गोल फिरवलं.

"वरती पायरी लागते बग."

मुनाफभाईंनीही बोट घालून बघितलं. पायरी होती. आतली भिंत, म्हणजे लायनर झिजला की वरच्या कडेला ती पायरी उरते. मग नुसत्या रिंगा घालून उपयोग नसतो. हाफचा विषयच संपला!

"मावशी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शिकवायचा काय त्याच्यात? रोज कल्ल्यात बोट घालून मासली बगते मी."

मला राहवलं नाही. विचारलं, "मग काय म्हणता? ताजं की शिळं?"

"शिला हाय," मावशी म्हणाली, "पन सडला नाय!"

*

आणि हा शेवटचा. त्याच संध्याकाळी नीलेश माझ्या दुकानात मुनाफभाईंना गाठून म्हणाला, "तिला फुल सांगा, पण करा हाफच." तो गेल्यावर दहा मिनिटांत मावशी. "कर फुल. नीलेशला हाफ सांग." मुनाफभाईंनी दोघांनाही "इन्शाअल्ला" म्हटलं आणि इंजिन खाली उतरवलं. कधी नव्हे ते मी पार्ट नफा न घेता दिले. एवढं तरी करावंसं वाटलं.

गाडी न्यायला दोघं एकत्रच आले! मावशी मुनाफभाईंना डोळा मारतेय, नीलेशही मारतोय. मुनाफभाई घामाघूम. स्टार्टर मारला. गाडी एका झटक्यात सुरू. धुराचं नाव नाही.

"पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही," मुनाफभाई सवयीने बोलून गेले. "लायनर नवे आहेत."

"लायनर?" नीलेश म्हणाला.

झालं! मुनाफभाई आभाळाकडे बघायला लागले, मी माझ्या काउंटरकडे. मावशी स्टिअरिंग घट्ट धरून बसलेली, चेहरा एवढासा झालेला. नीलेशने उघड्या बॉनेटवर वाकून त्या इंजिनाचा आवाज ऐकला. मग त्याने बॉनेट खाली केलं, दोन्ही हातांनी दाबून बसवलं आणि खिडकीपाशी आला.

"आई, चाळीस म्हणजे चाळीस. आणि बंदरावर पोचलीस की फोन करायचा. रोज."

मावशीने मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझ्याही.

मुनाफभाईंना कंठ फुटला. आमच्यात सगळ्यात म्हातारे तेच. दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "आता दहा वर्षं बघायला नको, मावशी!"

मावशीने गियर टाकला.

"दहाच? आनि मंग? तू तवा अससील ना रं?"