जावईबापूंचा गाठिया आणि रोहित पक्षी

सुरत आली हे आधी नाकाला कळलं, स्टेशनची पाटी मागाहून दिसली. मी आणि माझे सासरे, मामंजी, जळगावहून निघालो ते एकाच कामासाठी. मामंजींनी जन्मभर शाळेत तक्त्यावर छडी ठेवून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) शिकवला, पण जिवंत कधी पाहिला नाही. आता काचबिंदूने एक डोळा गेला आणि दुसऱ्याचा भरवसा नाही. "एकदा बघू दे गं सूनबाई, मग मिटले तरी चालतील," म्हणाले.

मुक्काम सुरतेतल्या बमरोलीला, वन्संच्या घरी. त्यांचे यजमान कापड रंगवण्याच्या कारखान्यात सुपरवायझर आणि स्वतःच्या मते निम्म्या सुरतेचे मालक. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला टोकायची सोय नाही. पक्षी बघायला निघताना त्यांनी पिशवीभर गाठिया (जाड शेव) बरोबर घेतला.

"भावजी, एवढं कोण खाणार?"

"वहिनी, हे सुरत आहे. इथे पाहुण्या पक्ष्यालासुद्धा उपाशी ठेवत नाहीत. थंडीत तापीवर जा, अख्खं गाव कुरवांना (समुद्रपक्ष्यांना) गाठिया घालतं."

हजीऱ्याकडे जाताना झाडं कमी आणि धुराडी जास्त. खाडीकाठच्या पक्षी अभयारण्याच्या दारातच चकचकीत 'निसर्ग माहिती केंद्र', शेजारच्या कारखान्याने बांधून दिलेलं. आधी खाडी बुजवायची आणि मग खाडीतल्या पक्ष्यांचे फोटो लावायचे! मारणाऱ्यानेच फोटोला हार घालावा, तसली गत.

आत पेंढा भरलेला एक रोहित होता, गुलाबी ऑइलपेंट फासलेला. पोपडे निघालेले. जावईबापूंनी चष्मा लावून तपासलं. "हा रंग आमच्याकडचा नाही. आमचा असता तर उडाला नसता." भिंतीवर दिव्यांचा नकाशा होता. मी 'रोहित' लिहिलेलं बटण दाबलं, तर दिवा लागला कारखान्यावर. रखवालदार काका शांतपणे म्हणाले, "बेन, वायरिंग खराब छे (बिघडलंय)." मला तर दिवा बरोबर जागीच लागल्यासारखा वाटला.

बाहेर पाटी होती: 'पक्षीओने खावानुं नाखवुं नहीं' (पक्ष्यांना खायला टाकू नये). पाटीच्या सावलीतच एक जण गाठिया विकत बसला होता.

ओहोटी लागली होती. चिखलात लांबवर पांढरा थवा उभा होता. काकांनी मामंजींच्या हाती दुर्बीण दिली. त्यांनी ती फिरवली, पुसली, पुन्हा लावली.

"काय दिसतं, मामंजी?"

"चिखल," ते म्हणाले. "नुसता चिखल."

एवढ्या लांब आणलं, ते ह्यासाठी?

"थांबा, जवळ बोलावतो!" जावईबापू धोतराचा सोगा सावरावा तशी पँट वर करून चिखलात उतरले आणि मुठीमुठीने गाठिया उधळू लागले. झालं! कुठून कुठून कुरव आले, किंचाळत. त्यांच्यामागे भुंकत चार कुत्री. काका शिट्टी फुंकून लाल झाले. मी ओरडणार, तोच मामंजींनी माझा हात दाबला. "जावई आहेत," म्हणाले.

आणि सगळा थवा उडाला. चिखलात पांढरे दिसणारे ते पक्षी पंख उघडताच पेटले. लालगुलाबी, काळी किनार. आमच्या डोक्यावरूनच गेले. मामंजींनी दुर्बीण कधीच खाली सोडली होती, मान मागे टाकून तोंड उघडं ठेवून बघत होते.

"दिसले गं! सूनबाई, गुलाबी! गुलाबी आहेत!" आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"बघा! आणि वहिनी म्हणत होत्या, कोण खाणार!" जावईबापू गुडघाभर चिखलातून गरजले. ह्या माणसाला कुठल्या तोंडाने बोलू?

परतीच्या गाडीत नंदुरबारच्या आसपास मामंजी खिडकीशी बसले होते. भर दुपार, लख्ख ऊन. समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईंना ते कौतुकाने सांगत होते, "जावयाने उडवून दाखवले हो." मी त्या बिचाऱ्या पक्ष्यांसाठी हळहळत होते, पण खरं सांगते, माझ्या शहाणपणाने वागलो असतो तर मामंजी चिखल बघून परतले असते. वन्संनी उरलेला गाठिया बांधून दिला होता. तो मऊ पडला होता, तरी मी खाल्ला.

थोड्या वेळाने मामंजी म्हणाले, "सूनबाई, दिवा लाव गं, अंधारून आलं."

मी उठले आणि दिव्याचं बटण दाबलं.