बाबांची हिरवी कॅप्सूल

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं आणि शंकर नगरातल्या बंगल्यांवर सरकारी पाट्या लागल्या. त्याच सुमारास मला एका नव्या प्रयोगशाळेत काम मिळालं. बाबांना त्याचं कौतुक किती म्हणून सांगू! रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेला माणूस. गोल बाजारात भांडं घ्यायला गेले तरी दुकानदाराला ऐकवायचे, "भैया, हमारी बिटिया लिवर पे रिसर्च करती है."

काम असं होतं: यकृताच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांना व्हिटॅमिन ई द्यायचं आणि कोलेस्ट्रॉलचं काय होतं ते पाहायचं. या पेशी स्वतःच कोलेस्ट्रॉल बनवतात. ई मिळालं की आमच्या बशीत तो कारखाना जरा मंदावायचा, एवढंच. पेशी ज्या माणसाच्या, तो केव्हाच मेलेला. हे सांगितलं तेव्हा बाबा घास हातात धरून बसले.

"म्हणजे तो गेला, अन् त्याचं लिव्हर अजून वाढूनच राहिलं? बापा रे!"

मी हसले खरी, पण पेशी ठेवायच्या त्या उबदार कपाटाचं दार उघडताना माझ्याही अंगावर काटा यायचा. आत कोणीतरी जागं आहे असं वाटायचं.

बाबांचं कोलेस्ट्रॉल वाढलेलं होतं, आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे काकांचंही. खानदानी दुखणं. डॉक्टरांनी दोघांनाही रोजची गोळी लावून दिली होती. एक दिवस आई कुरकुरली, "तुह्या बापानं गोळी सोडली. ते हिरवी कॅप्सूल खाऊन राहिले, व्हिटॅमिन ईची. पोरी-पोट्ट्या फोडून चेहऱ्याले लावतात नं, ते."

मी भडकलेच. "बाबा, काहून असं करता? घ्यायचीच तर दोन्ही घ्या!"

"एका गाडीले दोन गार्ड असतेत का?"

"बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नाही हो! बशीला ना हृदय, ना रक्त. तुमच्या पोटात काय होईल ते मलाच माहीत नाही."

"मले माहीत हाये. माह्या पोरीचं औषध हाये ते." आणि मग अगदी लाडीगोडीनं, "एक डाव म्हण नं, बरोबर हाये म्हणून."

मी म्हटलं नाही. कशी म्हणणार? रडून पाहिलं, भांडून पाहिलं, डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. तिथे 'हव, हव' करायचे आणि घरी आले की पहिले पाढे पंचावन्न. उन्हाळ्यात एका सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि संपलं. गोळी घेतली असती तर वाचले असते का, देव जाणे.

दहाव्याला खारून नदीच्या घाटावर काकांनी पिंड मांडला. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत, पण मी एकुलती एक, आईच म्हणाली, जा. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण खाली एकही येईना. मेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. काका हात जोडून बोलू लागले, वहिनीले सांभाळीन, पोरीचं लग्न लावून देईन. कावळे ढिम्म. ऊन चढलं. मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

काय राहिलंय ते मला माहीत होतं. विज्ञान शिकलेली बाई मी, पण बाबा माझ्या खांद्यामागेच उभे आहेत, वाट पाहताहेत, असं वाटलं आणि माझी भीतीनं गाळण उडाली.

"बाबा," मी मोठ्यानं म्हणाले, "तुमची कॅप्सूल बरोबर होती. तेच खरं औषध."

कावळा उतरला. त्यानं पिंडाला चोच लावली. काका ढसाढसा रडले, मीही रडले, आणि आम्ही घरी आलो.

बाबा मात्र माझ्या पाठीमागून हलले नाहीत. प्रयोगशाळेत ते कपाट उघडलं की पाठीशी कोणीतरी खाकरायचं. वळून पाहायची हिंमत व्हायची नाही.

पुढे एकदा ब्राह्मणपाऱ्यातल्या आपल्या घरून काका आईला भेटायला आले. जेवण झाल्यावर पाणी मागितलं आणि खिशातून हिरवी कॅप्सूल काढली.

"काका, हे काय?"

"तुह्या बाबाचं औषध. डॉक्टरची गोळी देल्ली सोडून."

"अहो काका, ते मी खोटं बोलले होते! बाबांना सुटता यावं म्हणून बोलले. तुम्ही गोळी सोडू नका, पाया पडते."

काका हसले, थेट बाबांसारखे.

"मी तिथंच बसलो होतो, बेटा," ते म्हणाले. "पिंडासमोर कोणी खोटं बोलते का?"

आणि त्यांनी कॅप्सूल गिळली.